दात किडलेले नाहीत ताई, आणि ती दोन फ्रॅक्चर्स जाता जाता सांगायची गोष्ट नाही

पत्र असं आहे (थोडं छोटं करून देतेय):

"ताई नमस्कार, मी इंदूरला सुदामा नगरात राहते. मुलगा साडेचार वर्षांचा, केजी टू मधे. त्याचे दात आले तेच करडे-तपकिरी, थोडे काचेसारखे चमकणारे, आणि आता पुढचे वरचे खालचे सगळे झिजून हिरडीला टेकलेत. दाढांचे वरचे पापुद्रे निघून आतला पिवळट भाग दिसतो. दुखत नाही म्हणतो. चॉकलेट मी देत नाही, बाटली सव्वा वर्षाला सोडवली, रात्री ब्रश करवते, तरी जो तो मलाच ऐकवतो. सासूबाई म्हणतात पाचव्या महिन्यात युरिन इन्फेक्शनसाठी अमॉक्सिसिलिन घेतलंस आणि ग्रहणात बाहेर गेलीस त्याचं हे. नणंद म्हणते आपलं मूळ गाव धारकडचं, तिकडच्या पाण्यातल्या फ्लोराइडने झालं असेल. एका डेंटिस्टने दोनदा फिलिंग केलं, दोन्ही वेळा महिन्याभरात पडलं. दुसरे म्हणाले सगळेच सडलेत, काढून टाका, नाहीतरी दुधाचेच आहेत. फेब्रुवारीत दिराचं लग्न आहे, तोवर निदान पुढचे पांढरे करता येतील का? शाळेत मुलं 'गंदे दाँत' म्हणतात, हा हसताना तोंडावर हात ठेवतो. या वर्षात त्याचा हात दोनदा फ्रॅक्चर झालाय त्यामुळे डॉक्टर म्हटलं की घाबरतो, म्हणून उपाय एकदाच आणि पक्का हवा. मिस्टरांचे दातही काळपट आणि झिजलेले आहेत पण ते गुटख्याने, आणि सासऱ्यांना तर पस्तिशीतच पूर्ण कवळी बसली होती, त्यांना ऐकूही कमी येतं म्हणून त्यांच्याशी या विषयावर बोलणंच होत नाही. नवीन दात तरी चांगले येतील ना? एक आई"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा दातांसाठी, दुसऱ्यांदा त्या फ्रॅक्चरच्या वाक्यासाठी जे तुम्ही भीतीचं कारण म्हणून लिहून मोकळ्या झालात, आणि तिसऱ्यांदा तुमच्या सासऱ्यांसाठी. पत्रावरून निदान होत नाही, तोंडात बघितल्याशिवाय आणि एक्सरे काढल्याशिवाय कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावर पण नाही. तरी वीसेक वर्षं लहान मुलांचेच दात बघतेय त्यामुळे संशय कशाचा येतो ते स्पष्ट सांगते, पुढे ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना हे दाखवा, ते हो म्हणतील किंवा नाही म्हणतील, पण निदान विचारात तरी घेतील.

आधी कीड का वाटत नाही ते. लहान मुलांची जी बाटलीची कीड असते ना, झोपेत दूध तोंडात राहून होणारी, ती वरच्या पुढच्या चार दातांना आधी धरते आणि खालच्या पुढच्या दातांना बहुतेक वेळा सोडून देते, कारण दूध ओढताना जीभ त्यांच्यावर पांघरुणासारखी असते आणि लाळही तिथेच सुटते. तुमच्या मुलाचे खालचे पण तितकेच झिजलेत. कीड खड्डा पाडते, मऊ करते, एक दात खाते आणि शेजारचा सोडते. इथे सगळ्या दातांना एकच रंग, एकच चमक, एकसारखी झीज, आणि मुख्य म्हणजे दात आले तेच तसे आले. कीड लागायला दात आधी बाहेर यावा लागतो हो! जो दात हिरडीतून वर येतानाच करडा आहे त्याला चॉकलेटने काय केलं असणार, सांगा बरं.

मला संशय येतो तो डेंटिनोजेनेसिस इम्परफेक्टाचा. नाव लांबलचक आहे, अर्थ सोपा, डेंटिन नीट बनलं नाही. दाताचं वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल, ते शरीरातलं सगळ्यात कडक, ९६ टक्के खनिज. त्याच्या खाली डेंटिन, दाताचा मोठा भाग तोच. या मुलांचं इनॅमल बहुतेक वेळा ठीकच असतं, पण खालची भिंतच भुसभुशीत. ओल आलेल्या भिंतीला कितीही चांगला पेंट मारा, पहिल्या पावसाळ्यात पोपडे येतात की नाही, तसंच. चावण्याच्या दाबाने इनॅमलचे टवके उडतात आणि एकदा आतलं उघडं पडलं की ते खडूसारखं झिजत जातं, वर्षा-दीड वर्षात दात हिरडीपर्यंत खाली. ती जी काचेसारखी, दुधट-करडी चमक तुम्ही लिहिलीत ती तर अगदी वर्णन वाचल्यासारखी आहे, मला ते वाक्य वाचूनच खुर्ची पुढे ओढावीशी वाटली. आणि फिलिंग पडलं त्यात त्या डॉक्टरांचा हात वाईट होता असं नाही, चिकटवायला खाली धड पृष्ठभागच नाही तर मसाला धरणार कशाला.

माझ्या हातूनही हेच झालंय, सांगून टाकते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला तीन वर्षांची एक मुलगी यायची, मी तिच्या दातांना बाटलीची कीड समजून फिलिंग केलं, पडलं, परत केलं, परत पडलं, आणि मी तिच्या आईला चक्क रागावले की तुम्ही सांगितलेलं पाळत नाही. तिसऱ्या खेपेला एक्सरे काढला. दाढा लोट्यासारख्या, वर फुगीर आणि मानेशी एकदम चिंचोळ्या, मुळं आखूड, आणि दाताच्या आत नसेची जी काळी पोकळी दिसायला हवी ती जवळजवळ बुजलेली. त्या आईला मी सॉरी म्हटलं, ती म्हणाली जाऊ द्या हो, सवय झालीय. ते "सवय झालीय" मला अजून टोचतं. म्हणून तुमच्या मुलाचा एक्सरे कोणी काढलाय का हे आधी बघा, पत्रात कुठे उल्लेख नाही, आणि नसेल तर फिलिंग पण नको आणि दात काढणं पण नको, आधी एक्सरे.

आता घरातल्या कोर्टाकडे येऊ. अमॉक्सिसिलिनने असे दात होत नाहीत. पोटातल्या बाळाच्या दाताला रंग चढवणारं अँटिबायोटिक म्हणजे टेट्रासायक्लिन, ते गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना शक्यतो देतच नाहीत, आणि त्याने रंग बदलतो, दात असा झिजून संपत नाही. ग्रहणाबद्दल मी काय बोलणार, चंद्र-सूर्याला आणखी कामं आहेत. नणंदबाईंचा मुद्दा मात्र अगदीच हवेतला नाही, झाबुआ आणि धार भागात फ्लोराइडचं पाणी आहे हे खरं आणि फ्लोरोसिसचे दात मी भरपूर बघितलेत. पण फ्लोरोसिस पांढऱ्या रेषा, खडूसारखे डाग, मग तपकिरी चट्टे असा येतो आणि मुख्यतः पक्क्या दातांवर. शिवाय ज्या मुलाने ते पाणी प्यायलंच नाही त्याला ते बाधेल कसं? तुमचा मुलगा इंदुरात जन्मला असेल तर तो बहुतेक जलूदहून पंप होऊन येणारं नर्मदेचंच पाणी पीत असणार. मूळ गाव दाताला लागत नाही ताई.

मूळ घराणं मात्र लागू शकतं, आणि इथे थोडं जपून लिहिते कारण मला तुमच्या घरात भांडण लावायचं नाही. डेंटिनोजेनेसिस बहुतेक वेळा आईवडिलांपैकी एकाकडून येतं, आणि ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता अर्धी, नाणं उडवल्यासारखी, मुलगा मुलगी असा भेद नाही. जगभराचा जो आकडा सांगतात तो साधारण ६ ते ८ हजार माणसांत एक असा आहे, पण घराण्यात शिरलं की तिथे पिढ्यानपिढ्या दिसत राहतं, अमेरिकेत मेरीलँडकडे ब्रँडीवाइन नावाच्या भागात तर आपसातच लग्नं होणाऱ्या एका समाजात हे इतकं होतं की त्या प्रकाराला डॉक्टर मंडळी ब्रँडीवाइनच म्हणतात. आता तुम्हीच लिहिलंय, मिस्टरांचे दात काळपट आणि झिजलेले, सासऱ्यांना पस्तिशीत कवळी. गुटख्याने दात खराब होतात, डाग पडतात, हिरड्या जातात, तोंड उघडेनासं होतं, ते सगळं खरं आणि मिस्टरांनी गुटखा आजच सोडावा हे मी वेगळं सांगायला नको. पण त्यांना एवढंच विचारा, गुटखा धरायच्या आधी, शाळेत असताना दात कसे होते? बहुतेक मुलग्यांना आठवतं, कारण शाळेत कोणीतरी चिडवलेलं असतं.

आणि उत्तर "असेच होते" आलं तरी आता त्यांच्या नावाने फाइल उघडू नका. माणूस जीन्स निवडून देत नाही. तुम्हाला इतकी वर्षं जे ऐकावं लागलं ते फक्त दिशा बदलून सासरच्यांना ऐकवण्यात मुलाचा एक दात वाचणार नाही. तरी सासूबाईंना एकदा शांतपणे हे वाचून दाखवा असं मला वाटतंच, इतका अधिकार तुमचा आहे.

आता त्या फ्रॅक्चरबद्दल, आणि हे पत्राचं उत्तर कमी आणि विनंती जास्त समजा. डेंटिनमधे जो धागा असतो, ज्यावर खनिज बसतं, तो कोलॅजन टाइप १. हाडात पण तोच. काही मुलांमधे हा धागाच मुळात कच्चा किंवा कमी बनतो, त्याला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात, बोलीत काचेची हाडं, आणि यातल्या बऱ्याच मुलांचे दात अगदी तुम्ही वर्णन केलेत तसे असतात. म्हणजे दोन शक्यता. एक, फक्त दातांचा आजार, त्याचा जीन वेगळा, हाडं ठणठणीत. दुसरी, हाडं आणि दात दोन्ही. बाहेरून दात बघून या दोन्हीत फरक करता येत नाही, एक्सरेत पण नाही, म्हणून दाताचा डॉक्टर इथे फक्त घंटा वाजवू शकतो.

साडेचार वर्षांचा मुलगा वर्षात दोनदा हात मोडून घेतो तेव्हा शंभर वेळा ती निव्वळ मस्ती असते, सोफ्यावरून उडी, जिन्यावरून धडपड, हे मला माहितीये, माझ्या घरात पण दोन मुलगे वाढलेत. पण हे दात आणि ती फ्रॅक्चर्स एकाच मुलात असताना मी ते योगायोग म्हणून सोडणार नाही. तुम्ही काय आठवायचं सांगते: दोन्ही वेळा पडला तो केवढ्यावरून? नुसता चालता चालता घसरून हात मोडला का? त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग नीट उजेडात, खिडकीशी उभं करून बघा, निळसर-राखाडी झाक आहे का. सांधे फार लवचिक आहेत का, बोटं मागे वळतात का. वयाच्या मानाने उंची कमी आहे का. घरात आणखी कोणाला हाडं मोडण्याची सवय होती का. आणि सासऱ्यांचं ऐकणं, ते सत्तरीत कमी झालं असेल तर वय आहे, पण विशी-तिशीपासूनच कमी असेल तर ती वेगळी गोष्ट, कारण या आजारात कानाच्या आतल्या बारीक हाडांवर पण परिणाम होतो आणि बहिरेपणा तरुणपणीच सुरू होऊ शकतो. ज्या आजोबांना ऐकू येत नाही म्हणून तुम्ही विचारलं नाही, कदाचित त्यांच्याकडेच अर्धं उत्तर असेल.

ही यादी घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे जा आणि शब्द जसाच्या तसा बोला, "ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा आहे का ते तपासायचंय, दात असे आहेत आणि दोन फ्रॅक्चर झालेत." नुसतं "हाडं कमजोर आहेत का" विचारलंत तर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चं सिरप हातात पडेल, आणि या आजारात रक्तातलं कॅल्शियम बहुतेक वेळा नॉर्मलच येतं त्यामुळे रिपोर्ट बघून सगळे निवांत होतील. जुन्या फ्रॅक्चरचे एक्सरे घेऊन जा. पुढे लागलं तर जेनेटिक टेस्ट असते, तेव्हा मिस्टरांचीही बोलावणी येईल. निघालंच समजा, तर यावर इलाज आहेत, हाडं मजबूत करणारी बिसफॉस्फोनेट नावाची औषधं सलाइनमधून देतात, फिजिओथेरपी असते, आणि कित्येक मुलं सौम्य प्रकारात शाळा-कॉलेज सगळं करतात. ही औषधं चालू असतील किंवा होणार असतील तर दातवाल्या डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण दात काढण्याच्या वेळी त्याचा विचार करावा लागतो.

सगळे काढून टाका? नाही. अजिबात नाही. दुधाचेच आहेत हे वाक्य मी रोज ऐकते, आणि रोज सांगते की शेवटची दुधाची दाढ १० ते १२ व्या वर्षापर्यंत तोंडात राहते. म्हणजे आणखी सहा-सात वर्षं तो काय हिरड्यांनी पोळी खाणार? आणि दाढांची उंची गेली की जबडे एकमेकांच्या फार जवळ येतात, चेहऱ्याचा खालचा भाग आखूड दिसायला लागतो, पक्क्या दातांची जागा पण सरकते. एखादा दात अगदीच गेला असेल, पू झाला असेल तर तो काढावा लागेल, ते वेगळं.

उपचाराचा क्रम तुम्हाला आवडणार नाही कारण तुम्हाला लग्नाआधी पुढचे दात हवेत आणि मी म्हणणार आधी मागचे. दाढांना स्टीलच्या कॅप बसवायच्या, त्या तयार मिळतात, मापाने निवडतात, दात फार घासावा लागत नाही, एका बैठकीत दोन-तीन होतात आणि दुधाची दाढ पडेल तेव्हा कॅप तिच्यासकट पडते. चांदीसारख्या दिसतात म्हणून आया नाक मुरडतात, मुलांना मात्र त्या आवडतात, आमच्याकडे एक पठ्ठ्या शाळेत सगळ्यांना "आयर्न मॅन के दाँत" म्हणून तोंड उघडून दाखवायचा. दाढा वाचल्या की उंची टिकते, आणि उंची टिकली की पुढच्या दातांवर जे काही बसवू ते टिकायची आशा, उलट्या क्रमाने केलंत तर पुढचं सगळं चार महिन्यांत तुटून हातात येईल, आणि ते नेमकं लग्नाच्या व्हिडिओत येईल.

पुढच्या दातांना कंपोझिटच्या (दाताच्या रंगाच्या मसाल्याच्या) पातळ टोप्या किंवा झिर्कोनियाच्या पांढऱ्या कॅप, किती दात शिल्लक आहे त्यावर ठरतं. हिरडीला टेकलेत म्हणता तर धरायला काही उरलंय का हे बघूनच कळेल, कधी कधी आम्ही पुढच्यांचं काही न करता मोकळे सोडतो, कारण वयाच्या सहाव्या ते आठव्या वर्षी ते पडून पक्के येणारच असतात, किंवा फार मनाला लागत असेल तर लहानशी कवळी पण करून देतो, हो, मुलांची पण असते. ब्लीचिंग, दात पांढरे करायची पट्टी, कोळशाची पेस्ट, यातलं काही नको, रंग आतून आहे, वरून घासून जाणार नाही, उलट उरलंसुरलं जाईल. आणि "एकदाच आणि पक्का उपाय" या तुमच्या अपेक्षेला इथेच कात्री लावते. हे काम वयाप्रमाणे टप्प्याटप्प्याने चालतं, आत्ता एक, सहा-सातव्या वर्षी दुसरं, बारा-तेराव्या वर्षी तिसरं, आणि कायमच्या कॅप किंवा इम्प्लांटचा विचार जबड्याची वाढ थांबल्यावर, म्हणजे अठराच्या पुढेच. मधली वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवायचं आणि फ्लोराइड वार्निश लावून घ्यायचं.

इतकं काम एवढ्याशा घाबरलेल्या मुलावर खुर्चीत बसवून करणं जमेलच असं नाही, म्हणून डॉक्टर पूर्ण भूल देऊन एका दिवसात सगळं उरकायचं सुचवतील, त्यात गैर काही नाही, चांगला पर्याय आहे. फक्त हाडांचा तपास भूल देण्याच्या आधी, नंतर नाही! भूल देणाऱ्या डॉक्टरांना ऑस्टिओजेनेसिसचा संशय माहीत असेल तर ते मान, जबडा, हात हलवताना वेगळी काळजी घेतात, गंभीर प्रकारात ब्लडप्रेशरचा पट्टा आवळल्यानेही हाड मोडू शकतं. म्हणून क्रम असा, एक्सरे, मुलांचे डॉक्टर, मग दाढा, मग पुढचे. फेब्रुवारीपर्यंत दाढा झाल्या तरी मी खूश होईन.

घरी काय करायचं ते थोडक्यात. मऊ ब्रश, मटारच्या दाण्याएवढी १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, दोनदा, थुंकायचं पण खळखळून चूळ भरायची नाही. सासूबाई त्याला राखुंडी किंवा लाल मंजन लावत असतील (इंदूरच्या मराठी घरांत अजून डबी असतेच) तर ती डबी उचलून ठेवा, असल्या दातांवर ते सॅंडपेपरच आहे. फुटाणे, चिक्की, बर्फ, भाजलेला भुट्टा दातांनी ओरबाडून खाणं, सराफ्यातला गराडू, संक्रांतीची कडक तिळाची वडी, हे बंद. पोहे खाऊ दे, वरची जाडी शेव तेवढी दोन मिनिटं भिजू द्या, भुट्ट्याचा कीस तर त्याच्यासाठीच बनलाय. आणि दर आठवड्याला ओठ वर करून हिरडी बघायची, दाताच्या वर बारीक पुळी दिसली तर दुखत नसलं तरी लगेच दाखवायचं. या दातांना कीड नसतानाही आतून पू होतो, बारीक भेगांतून जंतू शिरतात, आणि नस आक्रसून गेलेली असल्यामुळे मूल दुखतंय असं म्हणतच नाही. "दुखत नाही" हे तुम्ही समाधानाने लिहिलंत, मला त्याचं समाधान नाही. चेहऱ्यावर सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी.

नवीन दात. खोटं सांगणार नाही. फक्त दातांचा प्रकार असेल तर पक्के दात पण तसेच येतील, रंग तोच असेल. हाडांसोबतचा असेल तर गंमत म्हणजे दुधाचे दात जास्त खराब असतात आणि पक्क्यांत फरक पडतो, काही बरेच चांगले येतात, काही नाही. पण आता तुम्हाला आधीच माहितीये, इथेच सगळं बदलतं. सहाव्या वर्षी जी पहिली पक्की दाढ येते, सगळ्यात मागे, काही न पडता येते म्हणून आईवडिलांच्या लक्षातच येत नाही, ती वर आल्या आल्या झाकून घ्यायची, झिजायच्या आत. तुमच्या सासऱ्यांच्या वेळी हे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून पस्तिशीत कवळी. तुमच्या मुलाचं तसं होईलच असं बिलकुल नाही. या दातांचं रूट कॅनल मात्र फार अवघड असतं, नळीच सापडत नाही, त्यामुळे आमचा सगळा खेळ वेळ यायच्या आधी झाकण्याचा.

जायचं कुठे? पेडोडॉन्टिस्ट शोधा, म्हणजे मुलांच्या दातांत एमडीएस केलेले, साध्या क्लिनिकवाल्याला हे दाखवून उपयोग नाही, त्यांनी असले दात कॉलेजात फोटोतच बघितलेले असतात. इंदुरात एम वाय हॉस्पिटलजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे या विषयाचा वेगळा विभाग आहे, खर्च कमी, लाइन लांब, सकाळी लवकर जा. हाडांच्या आणि मुलांच्या डॉक्टरांचे विभाग शेजारच्या एम वाय मधेच, म्हणजे एका फेरीत दोन्ही कामं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात दोषांची आणि दातांची तपासणी येते, तिथे नाव नोंदवून घ्या, पुढे कागदपत्रांना बरं पडतं.

शाळेबद्दल. टीचरला एकदा भेटून सांगा की हे घाणेरडे दात नाहीत, जन्मापासूनचे आहेत, जसा कोणाला जन्मापासून चष्मा. आणि हात मोडू शकतो हेही सांगा, म्हणजे खेळाच्या तासाला लक्ष राहील, त्याला घरात कोंडून नका ठेवू मात्र. मुलाला काय सांगायचं? खरं सांगा, "तुझे दात कच्चे बनलेत, डॉक्टर त्यांना टोप्या घालणार आहेत." साडेचार वर्षांच्या पोराला एवढं छान कळतं. आणि त्याच्यासमोर "सडलेत" हा शब्द कोणी काढायचा नाही, डॉक्टरांनी सुद्धा नाही.

एक मोठी फाइल करा. दोन्ही फ्रॅक्चरचे एक्सरे, दाताचा एक्सरे, मुलाचे आणि मिस्टरांचे दातांचे फोटो उजेडात काढून. आणि सासूबाईंकडून त्यांच्या लग्नाचा अल्बम मागून घ्या, लग्नाच्या निमित्ताने तो निघणारच आहे कपाटातून, त्यात सासरे कुठे हसलेले असतील तर तो फोटो मोबाइलवर काढून त्याच फाइलमधे ठेवा. आणि कुठल्याच फोटोत ओठ उघडलेले नसतील तर तेही डॉक्टरांना सांगा.